साहेबांच्या केबिनमधले मासे

राज्याचे दोन तुकडे करायचं ठरलं त्या वर्षी आमच्या साहेबांनी आपल्या केबिनमध्ये फिशटँक बसवून घेतला. चार फुटी, खाली काळं लोखंडी स्टँड, वर ट्यूबलाइट लावलेलं झाकण. ईशान्य कोपऱ्यात वाहतं पाणी असलं की माणूस जागचा हलत नाही, असं त्यांना कुणा वास्तूवाल्याने सांगितलं होतं. त्या कोपऱ्यात खात्याच्या जुन्या फायलींचं कपाट होतं. ते बाहेर कॉरिडॉरमध्ये आलं, आणि येणारा-जाणारा प्रत्येकजण त्यावर चहाचा रिकामा कप ठेवू लागला.

साहेब जॉइंट डायरेक्टर होते. मूळचे समुद्राकडच्या जिल्ह्यातले, पण पंचवीस वर्षं हैदराबादेत. घर इथे, मुलांचं शिक्षण इथे. वाटणीत आपल्याला तिकडच्या राज्यात टाकतील या धास्तीने त्यांनी आधी एक अंगठी केली, मग दुसरी, आणि मग मासे आणले. दिलसुखनगरला कोचिंग क्लासच्या खालच्या गाळ्यात एक दुकान होतं, तिथून. निवड स्वतः केली. निवड म्हणजे जो दिसायला भडक तो पिशवीत. दोन एंजल, दोन ऑस्कर, कपाळावर टेंगूळ आलेला एक लालभडक फ्लॉवरहॉर्न आणि भर म्हणून चार काळे पट्टेवाले, बोटाएवढे. दुकानदाराने सगळे एकाच टाकीत गुण्यागोविंदाने राहतील असं सांगितलं. दुकानदार ते सांगणारच.

मी त्या ऑफिसात सीनियर असिस्टंट होते. साहेबांच्या दारासमोरच माझं टेबल, त्यामुळे पिशव्या आत जाताना मी पाहिल्या आणि मनात म्हटलं, सोमवारपर्यंत एंजल जातील. ते शनिवारीच गेले.

मला हे कसं कळलं ते सांगायला हवं, कारण ऑफिसात ते तोवर कुणालाच माहीत नव्हतं. एम.एस्सी. झाल्यावर दीड वर्ष मी विद्यापीठात, आमच्या विद्यानगरच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर, माशांच्या वागण्याचा अभ्यास करणाऱ्या बाईंच्या हाताखाली काम केलं होतं. काम म्हणजे काचेसमोर स्टुलावर बसायचं आणि हातातल्या घड्याळाकडे बघत मासा काय करतो ते लिहायचं. कल्ले फुलवले, शेपटीने पाणी मारलं, खड्डा उकरला, अंड्यांवर परांनी वारा घातला. ‘रागावला’ असं लिहायचं नाही. ‘घाबरला’ असं लिहायचं नाही. बाई म्हणायच्या, मासा काय करतो ते लिही, तुला काय वाटतं ते घरी जाऊन आईला सांग. तिथे केरळहून आणलेले नारिंगी मासे होते, तोंडात पिल्लं सांभाळणारा तिलापिया होता. एंजल, ऑस्कर, फ्लॉवरहॉर्न, पट्टेवाले हे सगळे त्यांच्याच कुळातले, सिक्लिड. या कुळाची दोन लक्षणं: जागेसाठी भांडतात आणि पिल्लांसाठी जीव टाकतात. बाकी सगळा तपशील.

मग वडील गेले, नोकरीत असतानाच. अनुकंपा तत्त्वावर घरातल्या एकाला नोकरी मिळणार होती, आणि घरात आई आणि मी अशा दोघीच. मी स्टुलावरून उठले आणि खुर्चीवर बसले. बावीस वर्षं झाली होती त्याला.

तर साहेब. रोज सकाळी साडेदहाला आले की बॅग ठेवायच्या आधी ते टाकीसमोर उभे राहायचे आणि काचेवर बोटाने टकटक करायचे. फ्लॉवरहॉर्न टाकीच्या दुसऱ्या टोकाकडून सरळ काचेवर यायचा, कल्ले फुलवायचा, अंग आडवं करून थरथरायचा. साहेब मागे वळून आम्हाला सांगायचे, बघा, मला ओळखतो, सलाम करतो. आणि केबिनमध्ये सही घ्यायला उभे असलेले चार-पाच जण, ज्यांत दोन पोस्ट ग्रॅज्युएट होते, ‘हौ सर, बराबर सर’ म्हणायचे. तो मासा साहेबांना हाकलत होता. त्याच्या भाषेत त्याहून स्पष्ट सांगता येत नाही. पण मी कशाला सांगू. सहीची फाइल पुढे करायची आणि बाहेर यायचं.

तेव्हा ऑफिसात कुणीच काम करत नव्हतं. कुठलं टेबल कोणत्या राज्याला, कुठली जीप कोणत्या राज्याला याच्या याद्या बनत होत्या. माणसांच्याही. प्रत्येकाकडून ऑप्शनचा फॉर्म भरून घेतला होता, आणि तो कुणी वाचणार नाही हे प्रत्येकाला माहीत होतं. मग लोकांना मासे सापडले. मोठा ऑस्कर म्हणजे इकडचे, धाकटा म्हणजे तिकडचे, असं कुणीतरी ठरवलं, आणि जेवणाच्या सुट्टीत कोणाने कोणाला ढुशी दिली यावर चर्चा व्हायची. दोन्ही ऑस्कर इथल्या नदीतलेही नव्हते, तिथल्याही नव्हते, आणि दोन्ही माद्या असण्याचाच संभव जास्त होता. वीस-पंचवीस वर्षं एका डब्यात जेवलेली माणसं माशावरून एकमेकांना टोमणे मारत होती. मी माझा डबा टेबलावरच खायला लागले.

मी तोंड उघडलं ते एका बुधवारी. आदल्या दिवशी टाकी धुतली होती आणि सकाळी मोठा ऑस्कर तळाशी कुशीवर आडवा पडलेला. साहेबांचा चेहरा उतरला. त्यांनी दुकानदाराला फोन लावला, मग वास्तूवाल्याला. दुकानदाराने निळं औषध सांगितलं. शिपाई औषध घेऊन आला आणि अख्खी बाटली ओतायच्या बेतात होता. मी फाइल घेऊन आत होते.

“सर, तो आजारी नाही,” मी म्हटलं. “टाकी हलवली की या जातीचे मासे असेच पडून राहतात. रुसल्यासारखे. उद्या उठेल.”

बाई ऐकत असत्या तर ‘रुसल्यासारखे’ या शब्दाबद्दल रागावल्या असत्या. पण साहेबांना तोच पटला. ऑस्कर दुसऱ्या दिवशी उठला, आणि त्या दिवसापासून माझं दैव फिरलं.

आता दिवसातून तीन वेळा बेल वाजायची ती माझ्यासाठी. मॅडम, हा जांभई का देतो. मॅडम, हा दगड तोंडात धरून का नेतो. माझ्या फायली शेजारच्या टेबलावर जाऊ लागल्या. ज्या बाया बावीस वर्षांत माझ्या डब्याकडे वळल्या नव्हत्या त्या आता लोणचं घेऊन यायला लागल्या, कारण माझं साहेबांकडे वजन आहे अशी बातमी पसरली होती. मला त्यांची कीव यायची. आणि खरं सांगायचं तर बेल वाजली की मी पदर नीट करून लगेच उठायचे, त्याचीही यायला हवी होती.

एका रविवारी साहेबांनी घरी बोलावलं. त्यांना घरीही छोटा टँक ठेवायचा होता आणि तो मी लावून द्यावा अशी इच्छा होती. इच्छा म्हणजे हुकूम, फक्त आवाज मऊ. मी घराजवळच्या नल्लकुंट्याहून ऑटो करून गेले. दार त्यांच्या बायकोने उघडलं, मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं आणि आत वळून तेलुगूत सांगितलं, “चेपलामे वच्चिंदि.” मासेवाली आली. साहेब हॉलमध्ये पेपर वाचत बसले होते. त्यांनी ऐकलं. मान वर केली, पुन्हा खाली घातली. मी दोन तास त्यांच्या बाथरूममध्ये उकिडवी बसून खडी धुतली. निघताना त्या बाईंनी मला एक केळं दिलं.

केळं मी रस्त्यात गाईला घातलं. पण साहेबांनी मान खाली घातली ती मी विसरले नाही.

याच सुमारास आमच्या सुपरिंटेंडेंटने माझ्या नावावर आक्षेप घेतला. हा गृहस्थ माझ्याहून तीन वर्षं ज्युनियर, पण परीक्षा देऊन पुढे गेलेला. मी इकडच्या यादीत राहिले तर पुढच्या बढतीत त्याच्या मेव्हण्याचा नंबर मागे जात होता, आणि मेव्हणाही आमच्याच ऑफिसात. त्याने लेखी दिलं की ही बाई मूळची महाराष्ट्राची, इथली लोकल नाही, हिला तिकडच्या राज्यात पाठवावं. मी त्याला कॉरिडॉरमध्ये गाठलं तेव्हा तो हसून म्हणाला, “बुरा नक्को मानो मॅडम. तुम लोगां तो उधर केच ना.”

उधर म्हणजे कुठे हे त्याला विचारण्यात अर्थ नव्हता. आजोबांचं गाव मराठवाड्यात. ते गाव हैदराबाद संस्थानात होतं, तेव्हा आजोबा हैदराबादचेच. मागच्या वेळी राज्यांची वाटणी झाली तेव्हा गाव मुंबईकडे गेलं आणि वडील इथे कारकून होते म्हणून इथे राहिले. म्हणजे आम्ही हललो नव्हतो, रेघ हलली होती. हे सगळं मी त्या माणसाला सांगू शकले असते. पण त्याच्या हातात तेव्हा समोसा होता आणि त्याचं लक्ष चटणीकडे होतं.

साहेबांनी मला बोलावून सांगितलं, काळजी करू नका मॅडम, मी तुमच्यासाठी चांगली नोट लिहितो. मी ‘थँक्यू सर’ म्हटलं. विश्वास अजिबात ठेवला नाही. जो माणूस स्वतःच्या हॉलमध्ये एक वाक्य बोलू शकला नाही, तो फाइलवर काय लिहिणार.

टाकीत मात्र त्या महिन्यात खरोखर काहीतरी घडत होतं. चार पट्टेवाल्यांपैकी दोन फ्लॉवरहॉर्नने मारले होते. उरलेल्या दोघांची जोडी जमली. मादी लहानशी, पोटावर नारिंगी झाक. नर थोडा मोठा. टाकीत शोभेची एक मातीची कुंडी आडवी ठेवली होती. तिच्याभोवतीचा कोपरा त्यांनी घेतला. पट्टे काळेभोर झाले. दोघं दिवसभर कुंडी आतून तोंडाने घासत होती. आणि तो वीतभर लांबीचा फ्लॉवरहॉर्न, ज्याला सगळं ऑफिस घाबरत होतं, तो त्या कोपऱ्याकडे वळला की ही बोटाएवढी मादी सरळ त्याच्या डोळ्यावर जायची. तो मागे फिरायचा. दर वेळी. मी सह्यांच्या निमित्ताने आत जायचे आणि लागतील त्याहून जास्त सह्या घ्यायचे.

सोमवारी अंडी घातली. कुंडीच्या आत वरच्या बाजूला, शंभरच्या वर असतील, फिकट पिवळी. मादी पाठ खाली करून त्यांच्यावर वारा घालत होती, नर दाराशी. मी साहेबांना दाखवलं. साहेब चष्मा लावून पाहत राहिले आणि तेलुगूत हळूच म्हणाले, शुभ आहे. लगेच त्यांनी ठरवलं की हे वरच्या लोकांना दाखवायचं. सेक्रेटरिएटमधून वाटणीचं काम पाहणाऱ्या एक अधिकारी बाई बुधवारी ऑफिस बघायला येणार होत्या. माणसांच्या याद्या त्यांच्याकडून जायच्या होत्या.

मंगळवारी दुपारी साहेबांनी बेल वाजवली. टाकीच्या काचेवर शेवाळ दिसत होतं, पाणी थोडं पिवळट होतं. ते म्हणाले, उद्या मॅडम येतील, त्याआधी सकाळी दुकानाचा माणूस बोलावून सगळं स्वच्छ करून घेऊ. दगड धुऊ, पाणी बदलू, आणि कुंडी मधोमध समोर ठेवू म्हणजे अंडी नीट दिसतील. मग विचारलं, “चालेल ना, मॅडम?”

मला पक्कं माहीत होतं काय होईल. विद्यापीठात आम्ही हे मुद्दाम करून पाहिलं होतं. एक वाक्य पुरलं असतं. शेवाळ राहू द्या सर, कुंडीला हात लावू नका. माझ्या समोर तो माणूस दोन अंगठ्या घातलेले हात टेबलावर ठेवून, खरोखर विचारत उभा होता. आणि मला त्यांची त्या रविवारी खाली घातलेली मान दिसली.

“तुमची मर्जी, सर,” मी म्हटलं.

बुधवारी अकराला त्या अधिकारी बाई आल्या. साधी सुती साडी, पायात चपला, बोलणं कमी. टाकी आरशासारखी चकचकीत होती. कुंडी मधोमध, तोंड दाराकडे. साहेबांनी त्यांना खुर्ची टाकीसमोर घ्यायला लावली. मागे आम्ही सगळे, सुपरिंटेंडेंट पुढच्या रांगेत. साहेब सांगत होते, हे बघा मॅडम, आईबाप कसे पिल्लांना जपतात, आणि तेवढ्यात मादी कुंडीत शिरली आणि अंडी खाऊ लागली. एकेक, नीट, भिंतीवरून खुडल्यासारखी. मग नर आला. दोघांनी मिळून आम्हा सर्वांच्या देखत कुंडी साफ केली. फार तर सात-आठ मिनिटं लागली. कुणी हललं नाही.

साहेबांचा आवाज चिरका झाला. ते माझ्याकडे वळून म्हणाले, “हे काय, मॅडम? आई अशी असते? स्वतःची अंडी खाते?”

मागून कुणीतरी हसलं. माझं लग्न झालेलं नाही, आणि आमच्या ऑफिसात आई या शब्दावर माझ्याकडे पाहून हसायला तेवढं पुरायचं.

मी सांगितलं. पाणी बदललं, दगड हलले, कुंडी उचलून उजेडात ठेवली. त्यांनी जपलेली जागा ती राहिलीच नाही. जिथे पिल्लं वाचणार नाहीत तिथे अंडी घालून उपयोग नाही, म्हणून ती परत पोटात घेतात, म्हणजे दुसरी घालायला अंगात ताकद राहते. यात दुष्टपणा नाही आणि प्रेमही नाही. हे सगळं मी शांत आवाजात, बरंच ऐटीत सांगितलं. बावीस वर्षांत एवढा वेळ माझं कुणी ऐकलं नव्हतं.

अधिकारी बाईंनी ऐकून घेतलं आणि विचारलं, “तुम्हाला हे आधी माहीत होतं?”

“हो.”

“मग सांगितलं का नाही?”

मी म्हटलं, “मला कुणी विचारलं नाही.”

साहेब माझ्यापासून दोन हातांवर उभे होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. काल याच जागी त्यांनी विचारलं होतं हे त्यांना आठवत होतं, मला आठवत होतं, आणि ते एक वाक्य बोलले असते तर त्या बाईंसमोर मी खोटी ठरले असते. माझी यादी त्या बाईंच्याच हातात होती. “टिफिन घेऊ या, मॅडम,” साहेब म्हणाले आणि पाहुण्यांना दुसऱ्या खोलीत घेऊन गेले.

मी त्या वेळी मनाशी एवढंच म्हटलं की या माणसाला बोलायची हिंमतच नाही, ना घरी, ना इथे. दुसरं काही सुचलंच नाही. तिरस्काराची एकदा सवय लागली की तो विचार करण्याचे कष्ट वाचवतो.

त्यानंतर बेल वाजणं बंद झालं. लोणचं बंद झालं. दीड महिन्याने तात्पुरती यादी लागली. माझं नाव तिकडच्या राज्यात, साहेबांचं नाव तिकडच्या राज्यात, सुपरिंटेंडेंटचा मेव्हणा इकडे. मी हसले. साहेबांनी नोट लिहिली नसणार हे मला ठाऊकच होतं.

आक्षेप घ्यायची मुदत होती. इथे शिकल्याचा दाखला असेल तो लोकल असा नियम, म्हणून मी लहानपणीच्या मराठी शाळेत गेले. शाळा अर्धी बंद, वर्गांत गोणपाटं भरलेली. मुख्याध्यापिका आता इंग्रजी शाखेची होती, तिला मराठीतली जुनी रजिस्टरं वाचता येत नव्हती. मीच पानं उलटली, मीच माझं नाव शोधलं, चौथी ते दहावी प्रत्येक वर्षी, आणि तिने मी बोट ठेवलं तिथून उतरवून दाखला दिला. नाव दोनदा चुकवलं.

कमिटीसमोर माझी फाइल उघडली तेव्हा मी टेबलाच्या या बाजूने उलटी वाचली. कारकुनाला ती सवय असते. दाखल्याच्या खाली साहेबांची नोट होती. तारीख पाहिली. अंड्यांच्या आधी आठवडाभराची. मोडक्या इंग्रजीत दहा-बारा ओळी. ही बाई इथेच शिकली, इथेच नोकरी केली, हिची आई वृद्ध आहे. शिवाय ही माशांच्या शास्त्रातली मोठी तज्ज्ञ आहे, आणि वडील वारल्यामुळे हिला ते सोडावं लागलं, याचा विचार व्हावा. हे मी त्यांना सांगितलं नव्हतं. कुणाला तरी विचारलं असणार. खाली सही, आणि बुधवारनंतर ती नोट काढून घेतल्याची कसलीही खूण नाही. काढणं त्यांच्या हातात होतं.

कमिटीने नोट वाचली नाही. त्यांना शाळेचा दाखला हवा होता, तो होता. शेवटच्या यादीत मी इकडे आले. साहेब तिकडेच राहिले. ईशान्येच्या पाण्याचा काही उपयोग झाला नाही.

निरोपाला सगळ्यांनी भाषणं केली, सुपरिंटेंडेंटने सर्वांत लांब. साहेबांनी फ्लॉवरहॉर्न बरोबर न्यायचा ठरवला होता. तो प्लास्टिकच्या पिशवीत भरायला मला बोलावलं. मी पाणी घेतलं, हवा भरली, रबर लावलं. साहेब पिशवीकडे पाहत म्हणाले, “नवीन जागी ओळखेल ना मला?”

“ओळखेल, सर.”

आभार मी मानले नाहीत. माफीही मागितली नाही. त्या दोन्हींसाठी दोन मिनिटं मिळाली होती, ती मी रबर नीट बसलंय का हे बघण्यात घालवली.

केबिन सुपरिंटेंडेंटला मिळाली, आणि टाकी आठ दिवसांत हटवा असं त्याने सांगितलं. ऑस्कर कुणीतरी नेले. पट्टेवाल्यांना कुणी विचारेना. दरम्यान त्यांनी पुन्हा अंडी घातली होती, आणि या वेळी कुणाचं लक्ष नसल्यामुळे ती फुटलीही होती. राईएवढ्या पिल्लांचा ढग आईबापांच्या मधून फिरत होता. मी सगळी झाकणाच्या बादलीत घेतली आणि दिलसुखनगरच्या दुकानात गेले. दुकानदार बादलीत डोकावला आणि म्हणाला, ठेवा तिथे, मोठ्या माशांना खायला होतील. वाईट हेतूने नाही, मी काही उपयोगाचं आणलं म्हणून तो खूशच होता. मी बादली उचलली आणि ऑटोला हात केला.

आईने दार उघडलं, बादलीत पाहिलं. “एवढ्याशा माशांचं कालवण कसं व्हायचं,” म्हणाली. कपडे भिजवायच्या मोठ्या टबात मी त्यांना सोडलं, विटेचे दोन तुकडे घातले. आई पलंगावरून बघत राहिली. थोड्या वेळाने तिने विचारलं, “तू विद्यापीठात जायचीस ते हेच बघायला?”

“हो.”

“दिवसभर? नुसतं बघायचं?”

“बघायचं आणि लिहायचं.”

तिने बराच विचार केला. मग म्हणाली, “बरं झालं सोडलंस.”

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ऑफिसातून आले तर तिने खुर्ची टबाशी ओढून घेतलेली होती, आणि चप्पल काढायच्या आत ती सांगायला लागली की बाप दुपारी बायकोवर रागावला होता, मग तिला दया आली, मग दोघांनी पोरांना एका जागी बसवून समजावलं. तिचं सगळं चुकत होतं. मी पदराने घाम पुसला, स्टूल घेतलं आणि एक-दोन ठिकाणी तिला दुरुस्त केलं. तिने माझं ऐकलं नाही.